गुलाबाच्या वासाचं गवत : सातपुड्यातला रोशा ओळखा, कापताना बी राखा

नंदुरबार : सातपुड्याच्या उतारावर अंजन, सालई, धावडा अशी विरळ झाडी असते. तिच्यात एक उंच गवत उगवतं. पान चुरगळलं की गुलाबासारखा वास सुटतो. हाच रोशा. काही भागात त्याला तिखाडी म्हणतात, तर आयुर्वेदात रोहिष.

ओळखायचं कसं?
रोशा ठोंबाने वाढतो आणि माणसाच्या उंचीच्याही वर जातो. पानाचा बुडखा रुंद असून काडीला कवळा घातल्यासारखा बसतो. पावसाळा सरताना तुरे येतात, पुढे ते लालसर पडतात. गवती चहा याचाच भाऊबंद, पण त्याला लिंबाचा वास असतो.

मोतिया आणि सोफिया
रोशाचे हे दोन प्रकार दिसायला जवळपास सारखेच. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर येतो. सोफिया ओलसर, सखल जागी. भाव असतो तो मोतियाच्या तेलाला. बाजारात त्याला पामारोझा म्हणतात. साबण आणि अत्तरात ते वापरलं जातं.

हा धंदा जुना आहे. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही रोशाच्या तेलाची नोंद आहे. ओढ्याकाठी भट्ट्या लावून तेल काढत. मुंबईहून ते जहाजाने अरबस्तान, तुर्कस्तानकडे जायचं. तिथे महागड्या गुलाबतेलात त्याची भेसळ व्हायची.

धोका कुठे आहे?
तेल सगळ्यात जास्त फुलोऱ्यात मिळतं, म्हणून कापणीही तेव्हाच होते. पण बी पडायच्या आत दरवर्षी सगळंच कापलं तर नवी रोपं येणार कुठून? मुळासकट उपटलं तर ठोंबच गेला. उतार नांगरला तरी तेच. रोशाला ऊन लागतं, त्यामुळे दाट सावलीतही तो टिकत नाही.

काय करता येईल?
• बुडखा राखून विळ्याने कापा, उपटू नका.
• प्रत्येक उतारावर काही ठोंब बियांसाठी सोडा.
• बी पिकून पडेपर्यंत वणवा लागू देऊ नका.
• वनजमिनीवर कापण्याआधी ग्रामसभेत आणि वन कार्यालयात विचारा.

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार वनस्पतींपासून मिळणारं, लाकूड सोडून इतर वनोपज गौण वनोपजात येतं. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथली ग्रामसभा रोशा कधी आणि किती कापायचा याचा नियम ठरवू शकते. पाऊस संपायच्या आत ही बैठक झाली, तर यंदाचं बी वाचेल.