बाह्यशुद्धी आणि अंतःशुद्धी : कॅथलिक जीवनातील अर्थ

स्वच्छता हा रुग्णालयाचा पहिला धर्म होय. वैद्य, परिचारिका, सफाई कर्मचारी आणि रुग्णांचे आप्त हे सारे तो पाळतील तेव्हाच औषधोपचार फलद्रूप होतो. तथापि रुग्णशय्येवर केवळ देह नसतो. भीती, पश्चात्ताप आणि अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींचे ओझे घेऊन मनुष्य तेथे आलेला असतो. वसई परिसरातील कॅथलिक कुटुंबांच्या नित्य आचारांत देहाच्या आणि अंतःकरणाच्या अशा दोन्ही शुद्धींना स्थान आहे. अन्यधर्मीय देणगीदारांना व विश्वस्तांना या आचारांचा अर्थ कळावा आणि कॅथलिक कुटुंबांनी त्यांतील एक संस्कार वेळेवर मागावा, या हेतूने हे विवेचन केले आहे.

चर्चच्या प्रवेशद्वाराशी आशीर्वादित पाण्याचे पात्र असते. भाविक त्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतो. हे हात धुणे नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी मस्तकावर पडलेल्या पाण्याचे ते स्मरण होय. मिस्साबलिदानात अर्पणविधीनंतर धर्मगुरू हातांवर पाणी घेतात आणि पापक्षालनासाठी मनातल्या मनात प्रार्थना करतात. वेदीवरील पवित्र वस्त्रांचे पहिले पाणी गटारात जाऊ दिले जात नाही. ते जमिनीत ओततात; अनेक चर्चमध्ये त्यासाठी थेट मातीत उतरणारी वेगळी मोरी असते. निर्माल्य पायदळी येऊ न देणाऱ्या घरांना यामागील भाव सहज उमगेल.

राखेच्या बुधवारी कपाळावर लावतात ती राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. आपल्याकडे चुलीतील राखेने भांडी लख्ख केली जात. प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी तीच राख मन घासून पुसून घेण्याची आठवण देते.

मात्र कॅथलिक शिकवणुकीत शुद्धीचा मुख्य प्रश्न पाण्याशी संबंधित नाही. हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवर आक्षेप घेतला गेला, तेव्हा मनुष्याला विटाळणारी गोष्ट बाहेरून आत जात नाही, ती अंतःकरणातून बाहेर येते, असे प्रभू येशूने सांगितल्याचे संत मार्कच्या शुभवर्तमानात नमूद आहे. हा वाद विधिनियमांचा होता, आरोग्याचा नव्हता. त्याच शुभवर्तमानात येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरे करतो. जन्मांध मनुष्याचे अंधत्व हे त्याच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या पापाचे फळ नाही, असे तो संत योहानच्या शुभवर्तमानात स्पष्ट सांगतो. आजार म्हणजे आपल्याला झालेली शिक्षा, असे मनात धरून कुढणाऱ्या रुग्णाला हे सांगणे अगत्याचे आहे. रोगाने कोणी अपवित्र होत नाही.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेनुसार या विधीत स्त्रियांचाही अधिकृतपणे समावेश झाला. गुरूने शिष्यांचे पाय धुतले, हा त्यामागील प्रसंग. रुग्णाचे अंग पुसणारी व त्याचे भांडे रिकामे करणारी व्यक्ती हलके काम करते, असे मानणाऱ्याने या विधीचा अवश्य विचार करावा.

श्रद्धा आणि आरोग्यशास्त्र यांची गल्लत मात्र होऊ नये. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. ते हात दिसायला स्वच्छच होते. आशीर्वादित पाणी जंतुनाशक नाही, हे चर्चलाही ठाऊक आहे. २०२० च्या महामारीत अनेक देशांतील चर्चमध्ये प्रवेशद्वाराजवळील पात्रे रिकामी ठेवण्यात आली. म्हणून असे पाणी जखमेवर, नळीवर किंवा मलमपट्टीवर शिंपडू नये. ते प्यायला देण्यापूर्वी परिचारिकेस विचारावे. कपाळावरील एका थेंबानेही त्याचा हेतू साध्य होतो.

आता मुख्य मुद्दा. आजाऱ्यासाठी पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि तैलाभ्यंग हे तीन संस्कार महत्त्वाचे आहेत. तैलाभ्यंगात धर्मगुरू रुग्णाच्या कपाळाला व हातांना आशीर्वादित तेल लावून प्रार्थना करतात. त्याचा आधार संत याकोबाच्या पत्रात आहे. पूर्वी त्यास ‘अंत्याभ्यंग’ म्हणत. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरविले. हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही, हेही तिने स्पष्ट केले. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा सुधारित विधी संमत केला. गंभीर आजारामुळे होणाऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी, तसेच वार्धक्याने फार क्षीण झालेल्यांना तो देता येतो. प्रकृती पुन्हा बिघडल्यास तो पुन्हाही घेता येतो.

असे असूनही अनेक घरांत जुनी भीती कायम आहे. फादरांना पाहून रुग्ण धीर सोडेल, या समजुतीने त्यांना शेवटच्या घटकेला बोलावले जाते. तोवर रुग्णाची शुद्ध हरपलेली असते. अभ्यंग तेव्हाही देता येतो. परंतु मनातील सल बोलून दाखविण्याची आणि क्षमा ऐकण्याची संधी हुकते. ती पुन्हा मिळत नाही. रुग्ण बोलू शकतो तेव्हाच त्याची इच्छा विचारावी, ही आप्तांना कळकळीची विनंती.

पापनिवेदनाच्या वेळी आप्तांनी बाहेर थांबावे; तेथे उच्चारलेला शब्द धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाहीत. अतिदक्षता विभागात निकड असल्यास कपाळावरील एकच अभ्यंग पुरेसा होतो. संसर्गाचा धोका असल्यास तेल हाताऐवजी साधनाने लावण्यासही चर्चचा कायदा अनुमती देतो. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास रुग्णांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना बंधनकारक नाही. शुभ शुक्रवारच्या उपवासापायी मधुमेही रुग्णाने जेवण किंवा औषध चुकवावे, अशीही चर्चची अपेक्षा नाही.

या साऱ्यासाठी फार साधनसामग्री लागत नाही. एक पडदा, दहा मिनिटांची शांतता आणि वेळेवर केलेला एक दूरध्वनी पुरतो. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या मनाला अशी निवांत जागा मिळावी, यासाठी आपण सर्व हितचिंतकांनी असेच सहकार्य द्यावे, ही नम्र प्रार्थना.