‘बाय’ म्हणजे नक्की काय?

शनिवारी दुपारी होस्टेलच्या गेटवर पाच मिनिटं उभं राहून बघा. कोणी घरी चाललंय, कोणी नुसतं मेसला, पण सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द – ‘बाय’! कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढली, पण त्याचा अर्थ तिथे कोणी सांगितला नाही. तो सापडला इथल्या लायब्ररीतल्या जाड्या डिक्शनरीत.

‘गुडबाय’मध्ये मुळात ‘गुड’ नव्हतंच. वाक्य होतं ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे ‘देव तुमच्यासोबत असो’. बोलता बोलता ते चेपलं गेलं. १५७३ च्या सुमारास गेब्रिएल हार्वी या इंग्रज लेखकाच्या पत्रात ते एकाच शब्दात चिकटलेलं दिसतं. पुढे ‘गुड डे’, ‘गुड नाइट’च्या संगतीनं ‘गॉड’चा ‘गुड’ झाला. आपण तर तोही टाकून दिला! आता उरलं फक्त ‘सोबत असो’. कोण असो, ते गायब. आपल्याकडचं ‘खुदा हाफिज’ही याच अर्थाचं, देव रक्षण करो. पण त्यातला देव अजून शाबूत आहे.

‘फेअरवेल’ म्हटलं की आपल्याला समोसा आणि भाषणं आठवतात. पण जुन्या इंग्रजीत ‘फेअर’ म्हणजे प्रवास करणं. एसटीचं भाडं म्हणजे ‘फेअर’, तेही त्यातलंच. म्हणजे ‘फेअरवेल’चा अर्थ सरळ ‘नीट जा’. फ्रेंचांकडून आलेला ‘अद्यू’ म्हणजे ‘देवाच्या हवाली’. त्याचा पोर्तुगीज भाऊ ‘अदेउश’ गोव्याच्या मांडो गाण्यांत भेटतो. गंमत अशी, की पूर्वी निघणाऱ्याला ‘फेअरवेल’ म्हणायचे, आणि निघणारा मागे राहणाऱ्यांना ‘अद्यू’ म्हणायचा. दोघांचे शब्द वेगळे! इंग्रजीत हा फरक पुढे पुसला गेला.

आपल्याकडे मात्र तो अजून जिवंत आहे. निघणारा म्हणतो ‘येतो’, राहणारा म्हणतो ‘या’. ‘जातो’ कोणी म्हणत नाही. ‘तो गेला’ एवढे दोनच शब्द गावात काय सांगतात, ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यात निरोपाला आणखीही शब्द आहेत. पोहरादेवीकडे ‘जय सेवालाल’, कारंज्यात ‘जय जिनेंद्र’, शिवाय ‘जय भीम’ आणि ‘राम राम’ तर सगळीकडेच. हे भेटतानाही चालतात अन् निघतानाही. पण ‘येतो’ला दुसरा पर्याय नाही, कारण त्यात वायदा आहे.

माझी आजी मालेगाव तालुक्यात एकटी राहते. फोनवर मी ‘ओके आजी, बाय’ म्हटलं तरी ती फोन ठेवत नाही. तिकडून नुसता श्वास ऐकू येतो. मग ‘येशीन ना वं?’ अन् मी ‘हो, येते मंग’ म्हटलं की लगेच कट! आता ती ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून परीक्षेच्या दिवसांतही मी तो शब्द गिळत नाही. एकदा म्हटलं की त्या महिन्यात जावंच लागतं, ही त्यातली अडचण.

यंदा फायनल इयरच्या निरोप समारंभाच्या बोर्डावर काय लिहायचं, यावरून आमच्यात बरीच चर्चा झाली. ‘येतो’ तर सीनियर्सनीच म्हणायचं, आपल्या वाट्याला ‘या’. तसं मोठ्या अक्षरात लिहिलंही. तर रेक्टर सर बघून म्हणाले, ‘‘कोण पाहुणे येऊन राह्यले बावा?’’