घरातले अपील

वसईच्या वाडीतील जुन्या घरात मुलाला झालेल्या शिक्षेवर अपील चालत असे. बापाने हुकूम सोडावा, मुलाने आजीपुढे फिर्याद न्यावी, आजीने चुलीपाशी बसल्याबसल्या तो हुकूम तहकूब करावा आणि काकाने, दोन्ही पक्षांची अब्रू राहावी म्हणून, पोराला केळीच्या बागेत पाणी वळवायला न्यावे, असा तो दस्तूर होता. आणि त्यातूनच, कोणी मुद्दाम न शिकवता, मुलाला उमजे की घरातील सत्ता एकमुखी नसते, आणि थोरांचे मतभेद असले तरी त्यांची पंगत मोडत नाही.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक छप्पर, एक चूल व समाईक मालमत्ता यांचा उल्लेख केला आहे. मुलाच्या बाजूने पाहिले तर, माझ्या मते, खरे लक्षण चूल हेच. वसईत मात्र संगोपनाचा अधिकार चुलीबाहेरही पोचला होता. १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि कादोडी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाचे ‘कुपारी’ हे नाव पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आले असे मानतात. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा धर्मपिता आणि जन्मदाता पिता यांनी परस्परांना लावावयाचे हे संबोधन. म्हणजे एका पोराच्या निमित्ताने जुळलेले नाते साऱ्या समाजाचे नाव होऊन बसले!

विरारहून मुंबईस आगगाडी १८६७ पासूनच धावते, पण वाड्यांभोवती इमारतींचे रान माजले ते गेल्या काही दशकांत. २००९ साली महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत वस्ती बारा लाखांवर गेली. नालासोपाऱ्याच्या ‘वन रूम किचन’मध्ये फिर्यादी, न्यायाधीश आणि अंमलदार एकच असतो, आणि तोही चर्चगेटहून दमून परतलेला. दिवसभराचे मुखत्यारपत्र पाळणाघरातल्या बाईंकडे असते. त्यांच्याशी हिंदी, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, अशा तीन दरबारांचे रिवाज पाच वर्षांचे पोर सांभाळते. अपिलाची सोय नसल्यामुळे ते वाटाघाटीत मात्र तरबेज होते: आधी गृहपाठ की आधी मोबाइल, याचा तह रोज नव्याने होतो.

जुन्या व्यवस्थेसाठी गळा काढण्याचे कारण नाही. तेथे मुलीच्या फिर्यादीची दाद क्वचितच लागे, आणि सुनेला तर कैफियत मांडण्याचीही मुभा नसे. आज बाप निरुपायाने का होईना भाजी चिरतो, डबा भरतो, आणि मुलगी ते पाहत मोठी होते; हे शिक्षण वाडीतल्या कोणत्याही आजीने दिले नव्हते.

मे महिन्यात गावाहून आजी येते. दुसऱ्याच दिवशी पोराच्या ध्यानात येते की घरात वरिष्ठ न्यायालय बसले आहे. आणि रात्री विरार लोकलमधून उतरून आलेल्या आईला, तिचा सकाळचा हुकूम रद्द झाल्याची वर्दी आजीच्या पदराआडून मिळते.