भरडीची चक्की कशी पारखावी?

विजेवर चालणारी घरघंटी आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ घरांत येऊन पोहोचली आहे. घेणारा गृहस्थ दुकानात प्रथम किंमत विचारतो, मग मोटार किती अश्वशक्तीची आहे ते विचारतो, आणि पेटीचा रंग घरातील मंडळींस पसंत पडला म्हणजे सौदा पुरा करतो. धान्य कितपत जाडे निघेल, हा प्रश्न क्वचितच कोणी काढतो. आमच्या मते पहिला प्रश्न हाच असावयास पाहिजे. शेतकऱ्याच्या घरी नुसत्या भाकरीच्या पिठाने भागत नाही. तुरीची डाळ, जनावरांचा भरडा, लेकरांसाठी व आजाऱ्यासाठी मोड आणलेल्या ज्वारीचे सत्त्व, ही कामे दाणा फोडण्याची आहेत. दळणे निराळे आणि भरडणे निराळे. जी चक्की उत्तम पीठ देते ती उत्तम भरड देईलच, असा मुळीच नेम नाही.

घरच्या जात्यावर ही दोन्ही कामे होत असत, याचे कारण वरची तळी खालीवर करता येत असे. डाळ भरडावयाची असली म्हणजे मधल्या खिळ्याभोवती चिंधीचे कडे घालून बाया वरची तळी किंचित उचलून घेत. पीठ काढावयाचे असले की कडे काढून टाकीत. दोन तळ्यांमधील अंतर हेच काय ते सारे रहस्य होय, आणि विजेच्या चक्कीतही तेच पाहावयाचे आहे.

बाजारात मिळणाऱ्या चक्क्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या असतात. पहिली दगडाची. हिच्यात बहुधा कुरुंदाचे दोन दगड एकमेकांसमोर फिरतात व अंतर चाकाने कमीजास्त करता येते. दुसरी पात्याची. हिच्यात दगड नसतो. पोलादी पाती वेगाने फिरून दाण्यावर आघात करतात आणि चूर झालेला माल जाळीच्या छिद्रांतून खाली पडतो. घरघंटी म्हणून जी विकली जाते ती पुष्कळदा याच जातीची असते. विक्रेता सांगतो की मोठ्या छिद्रांची जाळी बसविली म्हणजे भरडा होतो. ते अर्धेच खरे आहे. दाणा छिद्रातून निसटेपर्यंत त्यावर घाव बसतच राहतात. म्हणून जाळी कितीही मोठी घेतली तरी काही जाड कणी, काही पीठ व पुष्कळ धूळ असा मिसळ माल हाती येतो. तिसरी रुळांची. दोन लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरतात व दाणा मधून जाताना एकदाच दाबला जाऊन फुटतो. हिच्यात पीठ जवळजवळ होतच नाही.

या तिसऱ्या तऱ्हेचे मर्म समजण्यास बीअरचे उदाहरण फार उपयोगी आहे. इंग्लंडात १९६३ पासून व अमेरिकेत १९७८ सालच्या कायद्याने घरच्यापुरती बीअर करण्यास मोकळीक मिळाली; तेव्हापासून तेथील हौशी लोक हाताने फिरविण्याची लहान रूळचक्की बाळगतात. जवाला मोड आणून वाळविले म्हणजे माल्ट होते. ते ऊन पाण्यात भिजवून गोड रस काढावयाचा असतो. रुळांमधील अंतर सुमारे १ मिलिमीटर ठेवले की आतील पांढरा गर फुटतो, पण वरचे टरफल अखंड राहते. हीच टरफले भांड्याच्या तळाशी साचून गाळणीचे काम करतात. माल्ट पिठासारखे बारीक केले तर त्याची खळ होऊन रस मुळीच खाली उतरत नाही, आणि टरफलाचा तुरटपणा रसात उतरतो तो निराळाच. आपल्या ज्वारीस असे टरफल मळणीनंतर उरत नाही. म्हणून आफ्रिकेत ज्वारीची बीअर करणारे लोक ती फडक्याने किंवा चाळणीने गाळतात. आपल्याकडे परवान्यावाचून मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्हांस येथे फक्त भरडीचा धडा घ्यावयाचा आहे.

तो धडा गोठ्यात ताबडतोब उपयोगी पडतो. अख्खी ज्वारी वा मका जनावरास घातली तर बराच दाणा शेणावाटे जसाच्या तसा पडतो. उलट पिठासारखा बारीक भरडा पुष्कळ घातला तर तो पोटात झपाट्याने आंबतो. जनावर रवंथ सोडते, चारा टाकते आणि दूध घटते. दाण्याचे तीनचार तुकडे व्हावेत, एवढीच भरड असावी. मग तो सरकीच्या ढेपेबरोबर व चुनीबरोबर खुशाल द्यावा. ज्याच्या गोठ्यात चारपाच दुभती जनावरे आहेत, त्याने पात्याच्या घरघंटीपेक्षा दगडाची अगर रुळांची चक्की पाहावी. नुसती भाकरीपुरती सोय पाहिजे असेल त्यास पात्याची पुरते.

ज्वारीच्या सत्त्वाविषयी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. त्याच जातीचे विष ज्वारीच्या मोडांतही तयार होते. म्हणून मोड आलेली ज्वारी कडक उन्हात खडखडीत वाळवावी, हातांनी चोळून मोड व मुळ्या झाडून टाकाव्यात, नीट पाखडावी, आणि मगच चक्कीत घालावी. मोडांसकट दळणे सर्वथा वर्ज्य समजावे. सत्त्व नेहमी शिजवूनच द्यावे. दाणा किंचितही ओलसर राहिला तर दगडांना लेप बसून चक्की गुदमरते. चांगला वाळलेला दाणा मात्र इतका ठिसूळ असतो की हलक्या चक्कीतही सहज फुटतो. अशा माल्टाची पेज पातळ राहते, त्यामुळे लहान मूल एका वाटीत अधिक धान्य पचवू शकते.

तुरीची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि आमच्या जिल्ह्यात पैशाच्या दृष्टीने तीच मोठी आहे. हंगामात तूर विकून वर्षभर डाळ विकत आणणारी घरे थोडी नाहीत. तुरीचे टरफल आतील दळांस डिंकासारख्या पदार्थाने घट्ट चिकटलेले असते. ते सुटावे म्हणून दाण्यास प्रथम ओरखडे पाडून तेल लावतात, उन्हात ठेवतात, पाण्याचा हात देऊन रास झाकून ठेवतात व पुन्हा वाळवून मग भरडतात. ही पूर्वतयारी टाळून कोरडी तूर घरघंटीत घातल्यास डाळ थोडी व चुरी फार, असा प्रकार होतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने याच कामासाठी लहान डाळगिरणी तयार केलेली आहे. तिच्यात कुरुंदाचा रूळ असतो. एका घरास ती जड जाईल. पाचदहा जणांनी मिळून घेतल्यास परवडण्यासारखी आहे.

आता पारख कशी करावी? आमचे आयुष्य महसूल कचेरीत पैसेवारीचे आकडे मांडण्यात गेले. एका लहान तुकड्याची कापणी करून सबंध शिवाराचा अंदाज बांधावयाचा, ही तेथील रीत. चक्कीस तीच लावावी. दुकानात जाताना आपल्याच शेतातील २ किलो ज्वारी वजन करून न्यावी व समोर भरडवून घ्यावी. निघालेला माल मैद्याच्या व रव्याच्या चाळणीने चाळून निरनिराळा तोलावा. पीठ किती, कणी किती, अख्खा दाणा किती राहिला, हे कागदावर लिहावे. एकूण वजन २ किलोपेक्षा फार कमी भरले तर उरलेले धान्य पेटीच्या कोनाकोपऱ्यांत अडकून राहते असे समजावे. तेथेच पुढे किडे होतात. पिठात हात घालून पाहावा. ते चटका बसण्याइतके तापले असेल तर ती चक्की सोडून द्यावी, कारण तापलेले ज्वारीचे पीठ लवकर कडवट होते. अशी परीक्षा करू न देणाऱ्या दुकानदाराकडून चक्की घेऊच नये. गोड बोलण्याचे वजन तागडीत येत नाही.

विजेचा खर्च लोक समजतात तेवढा नाही. १ अश्वशक्तीची मोटार तासभर पुऱ्या भाराने चालली तर साधारण १ युनिट जळते. खरी भीती कमी दाबाची आहे. संध्याकाळी गावचा दिवा मंद झाला की मोटार जोर करते, तापते व जळते. म्हणून दळण सकाळी उरकावे आणि दाब पडताच मोटार बंद करणारी कळ बसवून घ्यावी. दगडाची चक्की रिकामी फिरवू नये. दगडावर दगड घासून बारीक कच पिठात उतरते. दगडास नवीन टाकी लावल्यावर पहिले एकदोन किलो दळण माणसांस किंवा जनावरांस न घालता फेकून द्यावे.