अंगणात पळस लावावा

वऱ्हाडात घर बांधून झालं की कुंपणालगत झाड लावायचं ठरतं आणि बहुतेक वेळा रोपवाटिकेतून गुलमोहर घरी येतो. तो भराभर वाढतो, लवकर फुलतो, सावलीही देतो. पण मूळचा मादागास्करचा हा वृक्ष मुळं वरच्यावर पसरवतो आणि त्याचं लाकूड ठिसूळ असतं. पावसाआधीच्या वादळात आडवी झालेली झाडं पाहिली, तर त्यात गुलमोहर हमखास सापडतो. पळसाचं नाव काढलं तर ऐकायला मिळतं, "पयस कोनी आंगनात लावते काय?" धुऱ्यावर आपसूक उगवणाऱ्या झाडाला अंगणात जागा द्यायची आपल्याला सवय नाही. ती लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. इथली माती आणि इथलं पाणी पाहता पळसासारखं दुसरं फुलझाड नाही.

आधी पाण्याचं बघू. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात सुमारे पावणेपाच हजार चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या भागात विहीर खणली तर खारं पाणी लागतं. जमीन खोल काळी, निम्म्याहून जास्त चिकणमातीची. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी धरून बसते. फेब्रुवारीनंतर ती आक्रसते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या पडताना झाडाची बारीक मुळं तुटतात. पारा ४५ अंशांवर गेला की आपण घाबरून बोअरचं पाणी सोडतो. त्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून राहतं. कण सुटे होतात, मातीतली छिद्रं बुजतात आणि वर कडक पापुद्रा येतो. पुढचं पाणी मग आत मुरतच नाही. झाड जगवायला म्हणून घातलेलं पाणीच त्याच्या पायाखालची जमीन बिघडवतं. वावरात जिप्सम टाकून ही जमीन सुधारता येते. अंगणात त्याहून सोपी वाट आहे: दोन उन्हाळे काढले की ज्याला पाणी मागावं लागत नाही, असं झाड निवडायचं.

पळस तसा आहे. काळ्या चिकण जमिनीत तो वाढतो, काही दिवस पाणी साचलं तरी तग धरतो आणि थोडाफार खारेपणाही सोसतो. त्याचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे वरच्या भेगांचा त्याला फारसा त्रास होत नाही. तोडला तरी बुंध्यातून आणि मुळांतून पुन्हा फुटतो. पानं जाड, चिवट. गाई-बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत. चराईच्या माळावर बाकी सगळं संपलं तरी पळस उभा दिसतो तो याच कारणाने.

फुलाकडे एकदा जवळून बघा. काळपट तपकिरी, मखमली देठ आणि तसाच पेला. हाताला अगदी मऊ लागतो. त्यातून केशरी पाकळ्या निघतात, त्यांतली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. पेल्याच्या तळाशी मध असतो. त्यासाठी सकाळपासून साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी आणि खारी झाडावर येतात. फांदीवर तेव्हा एकही पान नसतं. पातूरच्या घाटात किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाताना फेब्रुवारी-मार्चमध्ये हे सगळं रस्त्यावरूनच दिसतं. तीच फुलं उकळून रंगपंचमीचा रंग होतो, मुळांच्या तंतूंचा चुना लावायचा कुंचा होतो, पानांच्या पत्रावळी होतात आणि पोळ्याला दारापुढे पळसाच्याच फांद्या ठेवतात. घराघरांत एवढं काम करणारं झाड घरापुढे मात्र नाही.

लावायचा कसा? रोप विकत मिळणं कठीण, आणि मोठं रोप उपटून आणलं तर सोटमूळ तुटून ते मरतं. बी पेरणंच बरं. मे महिन्यात कागदासारख्या चपट्या शेंगा पिकून वाऱ्यावर गळू लागतात. प्रत्येकीच्या टोकाला एकच बी. ते त्याच वर्षी वापरायचं, फार काळ टिकत नाही. शेंग फोडायचीही गरज नाही. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की ठरलेल्या जागी दोन-तीन शेंगा आडव्या पुरा आणि पुढे जोमदार रोप तेवढं ठेवा. पिशवीत करायचं असेल तर पिशवी उंच घ्या आणि मूळ तळाला लागण्याआधी रोप जमिनीत लावा.

काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात पोयटा भरण्याची रीत इथे घातक ठरते. खड्ड्याच्या कडा चिकणमातीच्या, त्यामुळे पावसाळाभर आत पाणी तुंबून राहतं. त्याऐवजी वीतभर उंचीचा, दोन हात रुंद मातीचा ओटा करा आणि त्यावर पेरा. दिवाळीनंतर बुडाशी सोयाबीनचं कुटार किंवा तुराट्यांचे तुकडे अंथरा. भेगा पडू लागल्या की त्या मातीने बुजवा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यायचं, पण ते नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं. बोअरचं नको. भिंतीपासून पंधरा फूट तरी जागा सोडा.

वर दिसणारी वाढ संथ असते. सुरुवातीला झाडाची बरीच ताकद मुळात जाते, आणि फुलासाठी अनेक वर्षं थांबावं लागतं. ज्यांना एवढं थांबवत नाही त्यांनी जोडीला बहावा लावावा, मात्र जमीन निचऱ्याची हवी. अमरावतीच्या पोहरा-मालखेडकडच्या मुरमाड भागात तो छान येतो; खारपाणपट्ट्यातल्या चिबड जागेत त्याचा आग्रह धरू नये. त्याच्या बियांचं कवच टणक असतं, म्हणून त्या खरखरीत दगडावर घासून, रात्रभर भिजवून मगच पेरायच्या.

नवतपा सुरू झाला की गरम वारा शेंगा दूरवर उडवून नेतो. म्हणून पळसाखालच्या ताज्या, कीड न लागलेल्या शेंगा त्याआधीच वेचून कापडी पिशवीत, सावलीत ठेवा. पावसाला तेव्हा थोडेच दिवस उरलेले असतात.