नरक्याच्या लाकडातलं औषध

पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन आपल्याकडेच बनू लागलं. टाकीत बुरशी वाढवायची, तिने सोडलेलं औषध गाळून शुद्ध करायचं. झाड तोडायचा प्रश्नच नाही. कर्करोगावरच्या कॅम्प्टोथेसिनसाठी मात्र आजही झाडच लागतं.

हे रसायन 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. 1972 मध्ये गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तेच सह्याद्रीतल्या नरक्यात मिळालं.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा त्याला दोरीसारखा पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-1 हे एन्झाइम एक धागा कापतं, पीळ सोडवतं, धागा पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापात जाऊन बसतं. सांधा जुळत नाही, नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन धडकते, दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. हे कळायला 1985 उजाडलं. त्याआधी, पाण्यात विरघळावा म्हणून त्याचा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहिला होता. त्यात रेणूचं एक कडं उघडं पडतं. गुण कमी आला, मूत्राशयाला इजा झाली, चाचण्या थांबल्या.

रेणूत फेरफार करून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन आली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दिलं जाणारं इरिनोटेकॅन शरीरात, मुख्यतः यकृतात, एसएन-38 या कितीतरी जहाल रूपात बदलतं. त्याचा निचरा करणारं यूजीटी1ए1 एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच मंद असतं. अशांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक घसरतात, जुलाब आवरत नाहीत. पहिल्या डोसआधी ही जनुक-तपासणी सर्रास व्हायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तितकीच काळजी नरक्याची वाटते. लाकडासाठी अख्खी झाडं तोडली गेली, आणि मुळांतही हे रसायन भरपूर असल्याने तीही उपटली गेली. जंगलातली त्याची संख्या रोडावली.

2005 मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी, कॅम्प्टोथेसिन बनवणारी बुरशी वेगळी केली. म्हणजे पुन्हा टाकीचा मार्ग! पण झाडाबाहेर वाढवलेल्या अशा बुरशींचं उत्पादन पिढ्यांगणिक घटत जातं. चिनी झाडातल्या एका बुरशीबाबत 2011 साली जर्मनीत कारण सापडलं: या रसायनाच्या साखळीतलं एक एन्झाइम तिच्याकडे नाहीच, ते ती झाडाकडून घेते.