दगडी भिंतीला नवे रूप देताना

धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत आता जुन्या दगडी घरांना नवे रूप देण्याची हौस वाढली आहे. मुलाचे लग्न ठरले, घरात चार पैसे आले, की दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी किंवा रंगीत टाइल आणि झरोक्याच्या जागी मोठी खिडकी येते. कष्टकरी माणसाचे घर देखणे व्हावे, यात गैर काहीच नाही. पण आमचे एकच सांगणे आहे. भिंत सजवण्याआधी ती बांधून घ्या.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या भागाने पाहिली आहे. चार वाजायला काही मिनिटे होती. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत मिळून जवळपास 8 हजार माणसे गेली. भूकंपाने हादरा दिला, पण माणसे गाडली गेली ती भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती मात्र ढासळल्या.

असे का झाले? आपली दोन-अडीच फुटी भिंत दिसते एक, पण असतात त्या दोन. आतली एक, बाहेरची एक आणि मध्ये दगडगोटे व पांढरी माती. दोघींना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतो. पाऊस मुरतो, माती फुगते, बाहेरच्या भिंतीचे पोट सुटते आणि हादऱ्याने ती वेगळी होऊन पडते. अशा भिंतीवर टाइल लावणे म्हणजे दुखणे झाकणे. भेगा दिसेनाशा होतात आणि वजन वाढते.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. 52 गावे नव्या जागी वसली. बाकी गावांत जुनी घरे मजबूत करायची होती, पण दगडावरचा लोकांचा विश्वासच उडाला होता. पुष्कळांनी जुन्या घराला हात न लावता त्या पैशात शेजारी एक नवी खोली बांधली. जुने घर तसेच राहिले. आज गिलावा चढतो आहे तो त्याच भिंतींवर.

तेव्हा शिकवलेली रीत सोपी आहे. उंचीत दर 2 फुटांवर आणि आडवे दर 4 फुटांवर खूण करावी. तिथला दगड घण न मारता पहारीने हळूच सैल करून काढावा, आरपार भोक करावे, त्यात टोके वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे आणि आठ-दहा दिवस पाणी मारावे. एका वेळी एकच भोक घ्यावे. मग दार-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग लोखंडी जाळी व सिमेंटचा पट्टा द्यावा. पोट सुटलेला भाग आधी उतरवून नव्याने रचावा.

खिडकी जरूर काढा. चुलीच्या धुरात आपल्या आयाबहिणींची छाती भरली आहे. मात्र खिडकी कोपऱ्यापासून निदान 2 फूट दूर असावी. एका भिंतीतल्या दारे-खिडक्यांची एकूण रुंदी भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावी. वर पक्की पाटी हवी. फोडण्याआधी माळवदाला टेकू द्यावा, आणि जमेल तेव्हा माळवदावरचा मातीचा थरही कमी करावा.

गवंड्याला हे विचारणार कोण? त्या पुनर्वसनात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. घर कसे बांधावे हे त्या स्वतः शिकल्या आणि शेजारणींना समजावू लागल्या. आजही घरातल्या बाईने दोरी घेऊन खुणा मोजाव्यात आणि भोके भरल्याशिवाय गिलावा लावू देऊ नये. टाइल पुढच्या वर्षीही लावता येईल. आधी भिंतीचे काम पुरे होऊ द्या.